जुन्या बुलेटला स्टिअरिंग डॅम्पर बसवावा का?

कावळानाका३५०:
नमस्कार मंडळी. घरी 1968 ची बुलेट 350 आहे, वडिलांनी वापरलेली, सगळी उघडून नीट करून घेतली आणि आता चालवतोय. साठच्या आसपास थ्रॉटल सोडला आणि हँडलवरची पकड जरा ढिली केली की हँडल थरथरायला लागतं, घट्ट धरलं की थांबतं. गॅरेजवाला म्हणतोय बाजूने हायड्रॉलिक डॅम्पर (हँडलचे झटके अडवणारा तेलाचा दांडा) लावू, चेसिसला एक पत्ती वेल्ड करावी लागेल. वेल्डिंग माझ्या जिवावर येतंय. मधोमध डॅम्परचा जुना नॉब आहे पण तो नुसताच गोल फिरतो. तो चालू करू, नवीन लावू की काहीच नको? मागे बायको बसते म्हणून काळजी वाटते.

जुनंलोखंड:
वेल्डिंगला हात लावू देऊ नका दादा. डॅम्पर थरथर दाबेल, पण ती जिथून येते ते तसंच राहील आणि वाढत जाईल. आधी डबल स्टँड आणि इंजिनखाली ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी करा, हँडल सरळ ठेवून एका बोटाने हलकं ढकला, दोन्हीकडे आपसूक पडलं पाहिजे. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते कप, कोन आणि छर्रे) गेला, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते आणि छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी मार खाऊन कपात खड्डे पाडतात. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे ओढा, टक् झालं तर ढिला आहे. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या आर्मचे) बुश, रिमचा आऊट (वाकडेपणा), ढिले आरे, टायरची हवा हेही बघाच. आणि मागे जड बॅगा लावता का? त्याने पुढचं चाक हलकं पडतं.

साइडकारप्रेमी:
तो नॉब मुख्यतः साइडकारसाठी कामाचा. साइडकार जोडलेली गाडी वीस-तीसच्या वेगालाच हँडल जोरात हलवते, म्हणून आवळायचा, एकट्या गाडीला जवळजवळ मोकळाच सोडायचा. आवळून चालवली तर गाडी कमी वेगात भरकटते, कारण तोल सांभाळायला हँडल सतत थोडं थोडं हलावं लागतं आणि नेमकं तेच अडतं. नॉबचा दांडा स्टेममधून (हँडल ज्यावर फिरतं त्या उभ्या नळीतून) खाली जातो, तिथे फायबरची चकती, स्प्रिंग आणि चेसिसला अडकणारी एक पत्ती असते. तुमचा नुसता फिरतोय म्हणजे खालचं काहीतरी गायब आहे. ते सामान मिळालं तर जरूर बसवा, गाडी पूर्ण दिसेल.

आरडी_सातारा:
मी थोडं वेगळं बोलतो. जुन्या गाडीला हायड्रॉलिक म्हणजे पाप असं काही नाही. चकतीवाला डॅम्पर प्रत्येक हालचालीला सारखाच अडवतो, हायड्रॉलिक हळू वळवलं तर सोडतो आणि झटका अडवतो, बादलीतल्या पाण्यात हात फिरवून बघा तसं. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये आणलेल्या आर90एसला तो कंपनीतूनच होता, व्हिन्सेंट या जुन्या ब्रिटिश गाडीवाले तर आवर्जून लावतात. वेगाने चालवणार असाल तर लावा, पण क्लॅम्पने, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर डॅम्परच्या दांड्याला थोडी चाल शिल्लक ठेवा, नाहीतर हँडलचा स्टॉप तोच होतो आणि वळताना अडकतं. मात्र अख्खी गाडी मागून डुलत असेल तर डॅम्परने ते जात नाही, उलट वाढू शकतं.

कावळानाका३५०:
ठोकळा लावून बघितलं. जुनंलोखंड म्हणाले तसंच, मधोमध हँडल खाचेत बसल्यासारखं थांबतं. चिमट्यात खेळ नाही, रिम पण सरळ आहे. कोनसेट बदलताना नुसते छर्रे बदलले तर चालेल का, गॅरेजवाला कप राहू द्या म्हणतोय.

जुनंलोखंड:
नाही, खड्डे कपात आहेत, छर्रे नवे टाकून ते भरत नाहीत. वरचे-खालचे कप, कोन, छर्रे सगळा सेट बदला. छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलर (निमुळत्या रोलरचे बेअरिंग) ही मिळतात, चांगले टिकतात, पण मापाचे बसले पाहिजेत. आवळताना खेळ संपेपर्यंतच आवळा आणि परत बोटाची टेस्ट घ्या, जास्त आवळलं तर नॉब आवळल्यासारखीच भरकटेल. थोडी चालवली की छर्रे बसतात, तेव्हा पुन्हा एकदा तपासा. तोवर वहिनींना घेऊन हायवेला जाऊ नका. मध्येच थरथर सुरू झालीच तर पुढचा ब्रेक मारू नका, गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग थोडं पुढे घ्या आणि थ्रॉटल हळूहळू कमी करा.

आरडी_सातारा:
बरोबर, आधी कोनसेट. त्यानंतरही साठला हँडल हललं तर मग क्लॅम्पच्या डॅम्परचं बघू, फोटो टाका.