एसबीएसचा हॉटमेल्ट टाकीतच गुठळतोय. एसबीबीएस वापरू का?

कुपवाडकर:
कुपवाड एमआयडीसीत माझं लहान युनिट आहे, लेबलांचा हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद बनवतो. त्यात एसबीएस (स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन) हे रबरासारखं पॉलिमर असतं. गिऱ्हाईक बहुतेक बेदाणेवाले. कोल्ड स्टोरेजमधून पेटी बाहेर काढली आणि लेबल उचकटलं, की फोन मलाच येतो. पाळी चालू असताना सगळं ठीक असतं. पण 170 अंशांवरची टाकी दोन दिवस तशीच तापत राहिली, की कडेला काळपट साय धरते, गुठळ्या होतात, जाळी चोंदते. अँटिऑक्सिडंट (हवेनं माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते) वाढवून बघितलं. एसईबीएस, म्हणजे दुहेरी बंध हायड्रोजननं भरून टाकलेलं एसबीएस, तेही वापरून बघितलं, पण माल फार दाट झाला आणि चिकटपणा गेला. आता कुणी एसबीबीएस, म्हणजे अर्धवटच हायड्रोजन घातलेलं एसबीएस सुचवलंय. मग एसबीएस आणि एसईबीएस निम्मंनिम्मं मिसळलं तर तेच होणार नाही का?

सातारचे काका:
नाही हो, तिथंच घोटाळा होतो. मिसळलेल्या मालातल्या एसबीएसच्या साखळीत सगळे दुहेरी बंध शाबूतच राहतात, ती जळायची तशी जळणारच. एसबीबीएसमध्ये एकाच साखळीतले निवडक बंध हायड्रोजननं भरलेले असतात. ब्युटाडाईन दोन तऱ्हांनी जोडलं जातं. 1,4 जोडणीत दुहेरी बंध साखळीच्या कण्यातच राहतो, 1,2 जोडणीत तो फांदीसारखा बाहेर लोंबतो. उष्णतेत आणि हवेत या फांद्याच आधी एकमेकींना बिलगतात आणि तुमची गुठळी बनते. म्हणून हायड्रोजन मुख्यतः त्यांच्यावर घालतात. कण्यातले बरेच बंध तसेच राहतात, त्यामुळे रेझिनशी (गोंदाला चिकटपणा देणाऱ्या राळेशी) जुळणं एसईबीएसइतकं बिघडत नाही आणि मालही तितका दाट होत नाही.

पण पॉलिमर बदलायच्या आधी एक करा. गुठळी रात्रभर टोल्युईन या द्रावकात टाका. फुगली पण विरघळली नाही, तर साखळ्या खरोखर जोडल्या गेल्यात. पूर्ण विरघळली, तर दोष ढवळण्याचा किंवा रेझिनचा असेल.

डांबर लॅब, सातारा:
आमच्याकडं हाच प्रश्न डांबरात येतो. एसबीएस 180 अंशांच्या आसपास डांबरात मिसळतो, मग टँकरमध्ये तासन्‌तास तापतं. पाहिजे तेवढं लवचिक डांबर घाटात पोचेपर्यंत टिकवायचं, ही खरी कसोटी. मिश्रण नळीत 163 अंशांना 48 तास उभं ठेवून वरच्या आणि खालच्या भागाचा सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे मऊ पडायचं तापमान बघतो. फरक मोठा आला, की पॉलिमर वर आलंय असं समजायचं. गंधक घातलं की ते दुहेरी बंधांना धरून साखळ्या जोडतं आणि पॉलिमर डांबरात टिकून राहतं. एसईबीएसमध्ये गंधकाला धरायला बंधच उरत नाहीत. अर्धवट हायड्रोजनेटेड एसबीबीएसमध्ये कण्यातले उरतात, मला त्याचं मोल इथं वाटतं.

कुपवाडकर:
काका, गुठळी टोल्युईनमध्ये टाकली होती. सकाळी जेलीसारखी दुप्पट फुगलेली, विरघळली नाही. म्हणजे तुम्ही सांगितलं तेच. एसबीबीएसचा नमुना मागवलाय. तोवर सुटीला टाकीचं तापमान खाली आणणार आणि झाकण घट्ट लावणार.

सातारचे काका:
झाकणाखाली नायट्रोजन सोडता आला तर फारच चांगलं. आणि नमुन्याचं लेबल कोल्ड स्टोरेजमध्येच तपासा, नुसतं टेबलावर नको.