मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाचे सारखे एक्स-रे
मंडळी, माझ्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच झालंय, सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) आहे आणि छातीचा एक्स-रे सारखाच काढतायत, कधी फुप्फुसासाठी, कधी नाभीतली लाईन (रक्तवाहिनीत घातलेली बारीक नळी) नीट बसलीये का बघायला. एका एक्स-रेचा डोस अगदी किरकोळ, निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) मिळतं त्यापुढे काहीच नाही, मान्य, पण बेरीज होतेच ना? आणि फोटोत पोट, हात, डोकं सगळंच येतंय, बीम (किरणांचा झोत) छातीपुरता आवळता येतो ना, कोलिमेशन म्हणतात ते? काही एक्स-रेऐवजी फुप्फुसाची सोनोग्राफी चालते म्हणे, तुमच्याकडे करतात का? नर्स, रेडिओग्राफर कोणी असाल तर प्लीज सांगा, डॉक्टरांना न दुखावता हे कसं विचारू? आई म्हणते गप्प बस, त्यांना कळतं.