धुळीच्या रस्त्यासाठी कागदी फिल्टरच बरा
आपण रोज नागपूर-उमरेड मार्गावर गाडी चालवता आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा एअर फिल्टर घ्यावा का, असे विचारले आहे. माझे मत कागदी फिल्टरच्या बाजूने आहे. सुती फिल्टरमधून हवा मोकळेपणाने जाते हे खरे असले, तरी बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो, आणि कोळशाच्या ट्रकांमागून उडणाऱ्या भुकटीत किंवा कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडच्या राखेत इंजिनाच्या रिंगा व सिलिंडर घासणारे कण नेमके बारीकच असतात. शिवाय धुतल्यावर तेल जास्त झाले, तर ते हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकते. फिल्टर निवडताना आयएसओ ५०११ या चाचणीतील कार्यक्षमता आणि धूळ साठवण्याची क्षमता हे दोन्ही आकडे मागावेत. दुकानदार बहुधा फक्त ‘मायलेज वाढेल’ एवढेच सांगतो.

कागदावर धुळीचा पातळ थर बसला की गाळण उलट सुधारते, त्यामुळे दर आठवड्याला फिल्टर काढून झटकण्यात हित नाही. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागद फाटू शकतो, आणि ते छिद्र डोळ्यांना दिसेलच असे नाही. मात्र बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांवरील वापरासाठी दिलेले तेच पाळावे. नवा फिल्टर बसवताना रबरी कडा सर्व बाजूंनी नीट बसली आहे का आणि फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून धूळ आहे का, हे बोट फिरवून पाहावे. तिथे धूळ लागली, तर फिल्टर कितीही महाग असला तरी हवा बाजूने शिरत आहे.