शर्यतीवरची रहस्यकथा: डॉयल की डिक फ्रान्सिस?

कातरवेळ
घोड्यांच्या शर्यतीवरची रहस्यकथा म्हटलं की सगळे शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ'चं (१८९२) नाव घेतात. मला ते अजिबात पटत नाही. कपाळावरचा पांढरा पट्टा रंगाखाली लपवलेला घोडा वेसेक्स कपला धावतो, खुद्द मालक त्याला ओळखत नाही, तरी निकाल कायम! होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनीच आत्मचरित्रात सांगितलंय की, रेसिंगमधल्या एका जाणकाराने कथेची पार चिरफाड केली होती: असं वागणारे निम्मे लोक तुरुंगात गेले असते आणि उरलेल्यांना रेसकोर्स कायमचं बंद झालं असतं.

रहस्यकादंबरीकार डिक फ्रान्सिस स्वतः चॅम्पियन जॉकी. १९५६च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत राजमातेचा डेव्हन लॉक आघाडीवर होता, शेवटचे काही यार्ड उरले होते आणि घोडा अचानक पोटावर बसला. त्याच्या पाठीवर फ्रान्सिसच होता. 'डेड सर्ट'मध्ये (१९६२) धुक्यात अडथळ्यावर तार ताणून घोडा पाडतात, ते वाचताना लेखकाची हाडं किती वेळा मोडली असतील ते जाणवतं.

ओसरी
शर्यतीचे नियम चुकले, मान्य. पण कोडं बघा ना! रात्री तबेल्यातून घोडा जातो आणि कुत्रा भुंकत नाही. अफूची चव लपायला मसालेदार रस्साच हवा, मग त्या रात्री रस्सा करायचं कोण ठरवू शकतं? फ्रान्सिसकडे असं काय आहे? नायकाला बेदम मार पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा मार.

टापा
त्या मारातच तर सगळं आहे. फ्रान्सिसचा नायक सिड हॅली हा हात निकामी झाल्यामुळे घोड्यावरून कायमचा उतरलेला जॉकी. 'व्हिप हँड'मध्ये (१९७९) खलनायक त्याचा उरलेला हात उडवण्याची धमकी देतो आणि सिड खरोखर घाबरतो. होम्स कधी असा घाबरलाय? या कादंबरीला ब्रिटनचा गोल्ड डॅगर आणि अमेरिकेचा एडगर, रहस्यकथांचे दोन्ही पुरस्कार मिळाले.

कातरवेळ
@ओसरी, न भुंकणारा कुत्रा कुठल्याही वाड्यात चालला असता. त्यात शर्यत कुठे आली?

ओसरी
कुत्रा चालला असता, गुन्हा नाही. फेव्हरिट घोड्याच्या पायाची धोंडशीर कुणाला कळणार नाही इतकी हलकेच कापायची, तो हरणार म्हणून पैसे लावायचे, आणि आधी मेंढ्यांच्या पायांवर हात बसवायचा. बेटिंगशिवाय हे सुचेल कुणाला? डॉयलना रेसकोर्स कळलं नसेल, पण तिथली हाव नेमकी कळली होती.