देवमासा पाहायला हजार किलोमीटर? गावच्या तलावाचं काय?

धानपट्टा: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. "खोल समुद्रात जाऊन देवमासा, समुद्रपक्षी पाहिले नाहीत त्यानं पक्षीमित्र म्हणवून घेऊ नये." वा! गोंदियाहून मालवण हजारावर किलोमीटर. इथं विकलेल्या धानाचे पैसे, चुकारे, अडकले आणि आम्ही बोटीचं भाडं भरायचं? बरं, देवमासा दिसतो कुठं? २०१५ त रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला, तिथंच मेला. मालवणात दाखवतात ते डॉल्फिन. पाठ वर आली की सगळ्या बोटी इंजिन ताणून मागं. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे तो, वाघाच्या रांगेतला. ताडोब्यात वाघामागं अशी जिप्सी पळवून दाखवा!

खारावारा: पोस्ट माझीच. डॉल्फिनफेरीचा इथं काय संबंध? मी बोलतोय किनारा दिसेनासा होतो तिथलं. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपली की सप्टेंबरात निघायचं. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, चिमणीहून जरासंच मोठं पाखरू. अंटार्क्टिकाकडं पिल्लं वाढवून आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येतं, पाण्यावर पाय आपटत उडतं. हे तुमच्या तलावात दिसणार आहे का?

धानपट्टा: तुमच्या समुद्रात सारस दिसतो का?

बांधावरची: सारसाचं नाव घेताय तर मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, दशा पाहा आधी. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, आज अर्ध्यात बेशरमाची झुडपं, अर्ध्यात गाळ, काठावर अतिक्रमण. पाखरू बसंल कुठं? वरून मासेमारीवाले जाळी सोडून जातात. आमच्याकडं एक पाणकावळा अडकून मेला, मी स्वतः काढला.

ढिवराचा पोरगा: जाळ्याचं खापर आमच्यावर, मासे धरनाऱ्या ढिवरायवर, काहून जी? लीजचे पैसे भरतो आमी. तलावात रोहू-कतला सोडा म्हनून आमाले सांगतलं कोनं? पाणवनस्पती गेल्या, गावरान मासे गेले, माह्या बापाचा धंदा गेला. तुमी फोटो काढून घरी जाता.

बांधावरची: मी फोटो काढत नाही. आणि पाणकावळा खोटा नव्हता.

ढिवराचा पोरगा: खोटा कोन म्हनला? एकासाठी साऱ्या समाजाले बोल लावू नका.

खारावारा: विषय समुद्राचा होता, लोकहो.

धानपट्टा: तुम्हीच म्हणालात ना, आम्ही पक्षीमित्र नाही? मग आम्ही काय बोलायचं ते आम्ही ठरवू.

खारावारा: बरं बाबा, "म्हणवून घेऊ नये" काढतो पोस्टीतून. खूश? पण लाटांवर दिवसभर ओकत बसूनही मी परत जाणार. ते पाखरू पाहिलंत की बोला.

धानपट्टा: चुकारे आले की नक्की. ओकायची पिशवी तेवढी तुमच्याकडून.

ढिवराचा पोरगा: रविवारी आमच्या तलावात बेशरम काढनार हाओ. येनाऱ्यानं कुदळ आना. उपटून बांधावर फेकू नका, तुकडा राह्यला तरी फुटते.

बांधावरची: येते. जाळ्याबद्दल तिथंच बोलू.