बंदूक ठाण्यात, डुक्कर भातात

काजूवाला: पोलीस सोडून कुणाकडेच बंदूक नको, सगळे परवाने रद्द करा, असं काल एकाने लिहिलं. वाचून डोकं फिरलं. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. तेव्हा कोकणात भात कापणीला आलेलं असतं. आमची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा, आणि तिसऱ्या रात्री डुकरांनी खालचा अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवला. लोंब्या चिखलात रुतलेल्या. सत्तरीची आई बांधावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवतेय. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज. माझ्यावर एक गुन्हा नाही, मग मला संशयित का धरता? सरसकट जमा करू नका, जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेकाचं बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानेच सांगितलंय. व्हाइसरॉय लिटनने 1878 ला शस्त्र कायदा आणला तो आपल्यावर भरवसा नव्हता म्हणून. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत होता. तो गेला कुठे?

कोर्टाची पायरी: ठराव अर्धाच सांगितलात. 'नियमांच्या अधीन राहून' हे त्यातच आहे. आणि राज्यघटनेत तो हक्क आलाच नाही. अमेरिकेसारखा मूलभूत हक्क इथे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही सांगितलं. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, लग्नात बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. उत्तम केलं.

काजूवाला: दोन-तीन कुणाला हवीत? एक आहे ती तरी हंगामात घरात राहू द्या! कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला 1963 पासून परवान्यातूनच सूट आहे. आम्ही काय घोडं मारलंय?

माहेर सावंतवाडी: मी बोलू? माझा चुलतभाऊ अशाच एका शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने गेला. रात्री चार जण रानात गेले, झुडूप हललं, डुक्कर समजून बार टाकला. काकी अजून त्याचं ताट वाढते. मला तुमचे ठराव नका सांगू.

काजूवाला: ताई, वाईट वाटलं. पण ती शिकार होती. राखण वेगळी.

माहेर सावंतवाडी: दिवसा राखणीची, रात्री शिकारीची, बंदूक तीच ना?

वरचा वाडा: डुकराचं कसलं घेऊन बसलात, माकडांचं बोला! नारळ कोवळे असतानाच पाडतात. केळीचा कोका सोडत नाहीत. मी परसातली भाजी करणंच सोडलं.

काजूवाला: आणि भरपाई? पंचनाम्याला माणूस आला तेव्हा शेत झोडून, पेंढ्याची उडवी रचून झाली होती. म्हणाला, नुकसान दिसत नाही.

वरचा वाडा: आमच्याकडे तर फोटो मागितला. माकडाचा!

कोर्टाची पायरी: विषय बंदूकबंदीचा आहे. आणि परवाना असला तरी डुकराला गोळी घालायला वनखात्याची परवानगी लागते. 1972 चा वन्यजीव कायदा वाचा.

काजूवाला: तुम्ही एक रात्र मचाणावर काढा, मग कायदा शिकवा. आम्ही नुसता बार काढतो, आवाजाने कळप पळतो.

कोर्टाची पायरी: आवाज वाढवू नका. निवडणुकीत सरसकट जमा करणं चूक आहे, एवढं मान्य. बाकी एक शब्दही नाही. पुढच्या वेळी समितीकडे लेखी अर्ज द्या, पिकाचा सातबारा जोडा आणि पोच घ्या.

माहेर सावंतवाडी: अर्जात हेही लिहा, बंदूक रात्री कुलपात राहील आणि किल्ली आईकडे.

काजूवाला: कुलूप लावतो. पण डुक्कर रात्रीच येतं, ताई.