'सार्वभौम नागरिक' आणि न्यायालयाचा संयम : ऐकून घ्यावे की थांबवावे?

विस्कॉन्सिनकर (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या राज्यात, अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये, वॉकेशा येथे, डॅरेल ब्रूक्सवरील खटला थेट प्रक्षेपित होत होता आणि कामाच्या संगणकावर कोपऱ्यात एक खिडकी उघडी ठेवून मी तो जवळजवळ रोज पाहत होतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नाताळच्या मिरवणुकीत गाडी घालून सहा जणांचा जीव घेतल्याचा आरोप त्याच्यावर होता. खटला उभा राहण्याच्या तोंडावर त्याने सरकारी खर्चाने मिळालेले वकील सोडले आणि स्वतःच, 'सार्वभौम नागरिक' म्हणवणाऱ्यांच्या थाटात, बाजू मांडायला घेतली. न्यायाधीश जेनिफर डोरो यांनी नाव उच्चारले की तो म्हणे, त्या नावाने मी ओळखला जात नाही. खटल्याच्या विषयावर या न्यायालयाची अधिकारिता आहे हे आधी सिद्ध करा, ही त्याची मागणी दिवसातून किती वेळा झाली याची मोजदाद मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिली. शेवटी त्याला शेजारच्या दालनात बसवून ध्वनिक्षेपक बंद करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने समोर कागदपत्रांची खोकी रचून त्यांच्याआड तोंड लपवले. ७६ च्या ७६ आरोपांत तो दोषी ठरला.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील 'सार्वभौम नागरिक' असे मानतात की १९३३ मध्ये सरकारने सोन्याचा आधार सोडला आणि त्या बदल्यात नागरिकांनाच तारण ठेवले. जन्मदाखल्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापलेले नाव हे आपले नसून आपल्या नावाने उभे केलेले एक कागदी बुजगावणे आहे. कर, दंड आणि वॉरंट हे सगळे त्या बुजगावण्याला लागू होते, हाडामांसाच्या माणसाला नाही. न्यायालयातील ध्वजाला सोनेरी झालर असेल तर ते समुद्री कायद्याचे न्यायालय ठरते, असेही त्यांच्यातले पुष्कळ जण मनापासून सांगतात.

माझे म्हणणे असे की या युक्तिवादांना न्यायालयाने एकदाच, दोन वाक्यांत उत्तर द्यावे आणि पुढे जावे. शिकागो येथील केंद्रीय अपील न्यायालयाने २०११ मध्येच बेनाबे खटल्यात सांगून ठेवले आहे की असे दावे कोणत्याही रूपात आले तरी ते झटपट फेटाळावेत. मग खालच्या न्यायालयांनी तासन्‌तास ही पोथी का ऐकावी?

जुना_फौजदार

धागाकर्त्यांशी मी सहमत आहे, आणि पोलिसांच्या बाजूने थोडी भर घालतो. तीस वर्षे नाशिकच्या रस्त्यांवर गाड्या अडवल्यामुळे या विषयाचे मला कुतूहल वाटते. आपल्याकडचा गाडीवाला काच खाली करून विचारतो, "मी कोण आहे ते ठाऊक आहे का?" तिकडचा हा गृहस्थ सांगतो की परवान्यावर ज्याचे नाव आहे तो मी नव्हेच, आणि मी गाडी 'चालवत' नसून केवळ 'प्रवास' करत आहे. एकाला कोणीतरी बडा असल्यामुळे सुटायचे असते आणि दुसऱ्याला कोणीच नसल्यामुळे, इतकाच काय तो फरक.

मात्र इथे हसू आवरावे लागते. २० मे २०१० रोजी आर्कान्सामधील वेस्ट मेम्फिस येथे महामार्गावर दोन पोलिसांनी एक पांढरी व्हॅन अडवली. चालक जेरी केन हा गहाण घर जप्तीपासून कसे वाचवावे याचे वर्ग गावोगाव घेत फिरत असे, आणि काही आठवड्यांपूर्वीच न्यू मेक्सिकोत परवान्यावरून त्याला अटक झालेली होती. त्याने दिलेले विचित्र कागद पोलीस समजून घेत असताना त्याचा सोळा वर्षांचा मुलगा रायफल घेऊन उतरला. दोन्ही पोलीस गेले. त्यांतला एक तिथल्या पोलीसप्रमुखांचा, रॉबर्ट पॉडर्ट यांचा मुलगा होता. बापलेकही दीडेक तासाने पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

तेव्हा रस्त्याच्या कडेला कायद्याचा वाद घालत बसू नये, हे माझे मत आहे. चालकाला गाडीतून उतरायला सांगण्याचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिम्स खटल्यात पोलिसांना दिलेला आहे. तो वापरावा, दोन्ही हात दिसतील असे पाहावे, कुमक मागवावी आणि अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांवर सोडावे.

अनुराधा (एडमंटन)

फौजदारसाहेब, रस्त्याबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. न्यायालयाबाबत मात्र मी धागाकर्त्यांच्या पूर्ण विरोधात आहे.

कॅनडातल्या ज्या शहरात मी वकिलांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करते, तिथल्याच न्यायालयाने या विषयावरचा सर्वांत तपशीलवार निकाल दिला. मीड्स विरुद्ध मीड्स, सप्टेंबर २०१२. प्रकरण साध्या घटस्फोटाचे होते. पण पतीने आपल्या नावात विरामचिन्हे घालून कागदपत्रे दाखल करायला सुरुवात केली, तेव्हा न्यायाधीश जॉन रूक यांनी ७३६ परिच्छेद लिहिले. लाल शाईतला अंगठा, कागदावर चिकटवलेली टपाल तिकिटे, नावातले अपूर्णविराम, अशा खुणांची त्यांनी यादीच दिली आणि या सगळ्याला 'संघटित छद्मकायदेशीर व्यापारी युक्तिवाद' असे नाव दिले. त्यातला 'व्यापारी' हा शब्द लक्षात घ्यावा. रूक यांचा खरा रोख हे तंत्र विकणाऱ्या गुरूंवर आहे. गिऱ्हाइकांनी गुरूला काय विचारावे हेही त्यांनी सुचवले आहे : अमाप संपत्तीची किल्ली तुमच्या हाती असेल तर तुम्ही स्वतः श्रीमंत का नाही?

आमच्याकडे मागे एक साठीचे गृहस्थ चौकशीला आले होते. पिशवीतून त्यांनी नीट टोचलेला, प्रत्येक पानावर लाल अंगठा असलेला गठ्ठा काढला. त्या शिकवणीसाठी त्यांनी चांगलेच पैसे मोजले होते आणि कर्जाचा हप्ता थकलेला होता. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की मागच्या वेळी शाई गुलाबीकडे झुकत होती म्हणून तर अर्ज फेटाळला गेला नसेल ना? त्या माणसाला 'फेटाळले' हा एक शब्द ऐकवून परत पाठवले, तर तो पुन्हा त्या गुरूकडेच जाणार आणि अधिक गडद शाई आणणार. कारणे लिहून द्यावीत, समजेल अशा भाषेत द्यावीत, असे मला वाटते ते याचसाठी.

शंकेखोर

लाल शाईचा किस्सा वाचून आमच्याकडची पूजा आठवली. फळ मिळाले नाही की विधीत काहीतरी चुकले असणार, विधीच पोकळ असेल हा विचार कुणी करत नाही. पण मला उलट बाजूने एक शंका विचारायची आहे. सामान्य माणसाला न्यायालय तरी मंत्रतंत्राहून वेगळे दिसते काय? ठरावीक वेळी उठायचे, ठरावीक शब्द उच्चारायचे, चुकीच्या नमुन्यात अर्ज दिला तर हक्क बुडतो. या मंडळींनी ते पाहिले आणि अनुमान काढले की ताकद शब्दांतच आहे. अनुमान चुकले, तरी ते आकाशातून पडलेले नाही.

शिवाय हे लोक निवाड्यांचे उतारे देतात. १९३० च्या व्हर्जिनियातील थॉम्पसन विरुद्ध स्मिथ या निवाड्यात, सार्वजनिक रस्त्यावरून मोटारीने जाणे ही शहराने मर्जीने द्यावी किंवा नाकारावी अशी सवलत नसून नागरिकाचा हक्क आहे, अशा आशयाचे विधान खरोखरच आहे. मग त्यांना सरसकट वेड्यात कसे काढायचे?

विस्कॉन्सिनकर (धागाकर्ता)

शंकेखोर, तो उतारा जिथे तोडतात त्याच्या थोडे पुढे वाचावे. सर्वांना सारखे लागू होणारे नियम करून शहराने परवाना मागावा, तो त्याचा अधिकार आहे, असेच तो निवाडा सांगतो. आक्षेप होता तो पोलीसप्रमुखाला मनमानीने परवाना रद्द करू देण्याला. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहननोंदणी आणि चालकपरवाना या दोन्हींवर शिक्कामोर्तब केले होते. अर्धा श्लोक म्हणायचा आणि उरलेला गिळायचा, याला अज्ञान म्हणणे मला जड जाते. निदान तो उतारा पहिल्यांदा छाटणाऱ्याच्या बाबतीत तरी.

शिवाय हे केवळ बोलण्यावर थांबत नाही. ज्या न्यायाधीशाने किंवा पोलिसाने आपल्याविरुद्ध काम केले, त्याच्या मालमत्तेवर लाखो डॉलरच्या खोट्या थकबाकीचा बोजा हे लोक नोंदवून टाकतात. नोंदणी कार्यालये बहुधा खरेखोटे न पडताळता कागद स्वीकारतात आणि बिचाऱ्याला घर विकायला काढल्यावर त्याचा पत्ता लागतो. केंद्रीय अधिकाऱ्यांविरुद्ध असे करणे हा २००८ पासून दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तो काही उगाच नव्हे.

अनुराधाताई, आपल्या साठीच्या गृहस्थांबद्दल मलाही वाईट वाटते. पण तुमच्याच उदाहरणात एक व्यक्ती विसरली गेली आहे. मीड्स खटल्यात दुसरी बाजू होती. नवरा अपूर्णविराम घालत बसला असताना त्या बाईंचा पोटगीचा आणि वाटणीचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. कारणमीमांसा दिलीच पाहिजे हे मी मान्य करतो. पण तिच्यासाठी लागणारा वेळ कोणाच्या खात्यातून वजा होतो?

जुना_फौजदार

हा मुद्दा बिनतोड आहे. वॉकेशात मिरवणुकीत जिवलग गमावलेल्यांनीही तो तमाशा समोर बसून पाहिलाच की.

अनुराधा (एडमंटन)

विस्कॉन्सिनकर, मीड्सबाईंचा मुद्दा मला लागला, हे कबूल करते. तरी दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. विस्तृत कारणे एकदा लिहिली की ती पुन्हा लिहावी लागत नाहीत. आज कॅनडाभरचे न्यायाधीश 'मीड्स पाहावे' एवढे लिहून पुढे जातात, म्हणजे तुम्हाला हवी असलेली दोन वाक्ये त्या ७३६ परिच्छेदांमुळेच शक्य झाली. ब्रूक्सच्या बाबतीतही तसेच आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फॅरेटा खटल्यात मान्य केला, पण मुद्दाम अडथळे आणणाऱ्याकडून तो काढून घेता येतो हेही तिथेच म्हटले आहे. डोरो यांनी तो काढला नाही, फक्त दालन बदलले. त्यांनी दाखवलेला संयम मला त्यामुळे भाबडा वाटत नाही. अपिलात बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून एकेक नोंद त्यांनी करून ठेवली असावी, असे मला वाटते.

वेळ कोणाच्या खात्यातून, याचे माझे उत्तर म्हणजे खर्च. युक्तिवाद एकदा समजावून सांगितल्यानंतर पुन्हा तोच आणला, तर विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा पूर्ण खर्च त्याच दिवशी वसूल करावा, आणि तिसऱ्यांदा आणला तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा अर्ज दाखल करण्यास मनाई करावी. ही दोन्ही हत्यारे आमच्या न्यायाधीशांकडे आहेत. शंकेखोरांनी विचारलेल्या मंत्रतंत्राबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही; आमच्या कार्यालयातला एक साधा अर्ज अजूनही नऊ पानांचा आहे, आणि त्यातले तिसरे पान कशासाठी असते हे मलाही एका वरिष्ठांना विचारावे लागले होते.